थेय्यम बघायला पहिल्यांदा निघताना

केरळची सहल म्हटली की मुन्नार, थेक्कडी, अलेप्पी आणि शेवटी कोची. या फेऱ्यात एक संध्याकाळ ‘पारंपरिक नृत्या’ची असते. तिकीट काढायचं, तासाभराची कथकली बघायची आणि जेवायला जायचं. ते प्रयोग टाकाऊ अजिबात नसतात. कलाकार शिकलेले असतात, रंगभूषा लोकांसमोर करतात, मुद्रा समजावून सांगतात. ज्यानं कथकली कधीच पाहिली नाही त्याला त्यातून बरंच कळतं. पण ते पाहुण्यांसाठी बेतलेलं असतं. गावानं स्वतःच्या देवासाठी, स्वतःच्या खर्चानं आणि स्वतःच्या वेळेला मांडलेलं नृत्य बघायचं असेल, तर उत्तर केरळात जावं.

कन्नूर आणि कासरगोड या दोन जिल्ह्यांत ऑक्टोबरच्या अखेरीपासून मेच्या अखेरीपर्यंत जवळपास रोज कुठे ना कुठे थेय्यम, म्हणजे असं गावच्या देवाचं नृत्य, असतं. तिकीट नाही, आरक्षण नाही, नवख्या माणसाला कोणी अडवत नाही. मात्र कधी जायचं, जागा कशी शोधायची आणि पोचल्यावर वागायचं कसं, हे सहल कंपनीच्या पत्रकात सापडत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांना ते आधी माहीत असावं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी थोडं समजून घ्या

थेय्यममध्ये नाचणारा माणूस देवाचं सोंग आणत नाही. डोक्यावर मुकुट चढला, हातातल्या छोट्या आरशात त्यानं स्वतःचं रूप पाहिलं, की जमलेल्या लोकांच्या लेखी तो देवच असतो. लोक त्याच्यापुढे रांग लावतात, घरातली भांडणं सांगतात, मुलाच्या नोकरीचं विचारतात. तो त्यांचा हात हातात घेऊन बोलतो, धीर देतो, कधी दटावतोही.

नाचणारे असतात वण्णान, मलयन, वेलन, माविलन, पुलयन अशा समाजांतले, म्हणजे ज्यांना एकेकाळी वाटेवरूनही बाजूला व्हावं लागे असे. कोणत्या ठिकाणी कोणतं थेय्यम कोणत्या घराण्यानं करायचं, हा हक्क पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. आणि थेय्यम उभं असतं तेव्हा जमीनदार घराण्याचा कर्ता पुरुषही त्याच माणसापुढे हात जोडून उभा राहतो. पोट्टन थेय्यम तर हा विषय थेट काढतं. वाटेत आडवा आलेला चांडाळ शंकराचार्यांना विचारतो, तुला कापलं तरी रक्तच येणार, मला कापलं तरी रक्तच येणार, मग फरक कसला? हा सवाल त्याच्या गाण्यात आहे आणि तो भर गावासमोर गायला जातो. मोसम संपला की यातले कितीतरी कलाकार मजुरीवर किंवा आपापल्या नोकरीत परततात. ज्या माणसापुढे काल रात्री सगळं गाव वाकलं, तो आज कुठल्यातरी बांधकामावर विटा उचलत असू शकतो. हे डोक्यात ठेवून गेलात तर समोर जे दिसतं त्याचं वजन कळतं.

थेय्यमचे चारशेहून अधिक प्रकार सांगितले जातात. भगवती आणि चामुंडीची अनेक रूपं, विष्णुमूर्ती, गुळिगन, लढाईत पडलेले वीर, अन्यायानं मेलेल्या स्त्रिया, नाग, पूर्वज आणि अली थेय्यमसारखी मुसलमान व्यक्तींची थेय्यमही. सगळी बघायची हाव धरू नका. दोन-तीन नीट बघितली तरी पुष्कळ.

तारीख आधी, तिकीट नंतर

बहुतेकांचं इथेच चुकतं. विमानाचं तिकीट काढून, हॉटेल पक्कं करून मग ‘त्या दिवसांत थेय्यम कुठे आहे?’ असं शोधायला बसतात. उलट करा.

मोसम सुरू होतो मल्याळी पंचांगातल्या तुलाम महिन्याच्या १० तारखेला, म्हणजे आपल्या ऑक्टोबरच्या २६-२७ तारखेच्या सुमारास. कन्नूरजवळच्या कोळच्चेरीचं विषकंडन थेय्यम हे मोसमातल्या अगदी पहिल्यांपैकी. शेवट होतो वळपट्टणमच्या कळरिवातुक्कल भगवतीच्या देवळात, मेच्या अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या दिवसांत. मधले पावसाळी महिने कावू शांत असतात. कावू म्हणजे आपल्या कोकणातल्या देवराईसारखी जागा: झाडी, मधे छोटंसं देऊळ, पुढे अंगण. थेय्यम अशा कावूत होतं, नाहीतर एखाद्या जुन्या घराण्याच्या वाड्यात होतं. त्या वाड्याला तिकडे तरवाड म्हणतात.

मल्याळी महिने सौर आहेत, हे आपल्याला फार सोयीचं आहे. आपल्याकडच्या जत्रा तिथीवर असल्यानं दर वर्षी पुढेमागे होतात. तिकडच्या बहुतेक वार्षिक उत्सवांची मल्याळी तारीख ठरलेली असते, त्यामुळे इंग्रजी तारीख फार तर एखाद्या दिवसानं हलते. म्हणजे गेल्या वर्षीचा उत्सव कोणत्या तारखेला होता हे कळलं, की यंदाचा अंदाज लागलाच. वार्षिक उत्सवाला कळियाट्टम म्हणतात. हा शब्द पाठच करून ठेवा. शोधताना, विचारताना तोच कामाला येतो. काही ठिकाणी बारा किंवा त्याहून जास्त वर्षांनी एकदा पेरुम्कळियाट्टम होतं. तेव्हा हजारोंनी लोक येतात, दिवसेंदिवस पंगती उठतात. भव्य असतं, पण पहिल्या खेपेला मी ते सुचवणार नाही. गर्दीत देव दिसतो तो लोकांच्या डोक्यांवरून, आणि जवळून बघण्याचा आनंद जातो.

महिने निवडायचे तर डिसेंबर ते मार्च. जानेवारी-फेब्रुवारीत एकाच रात्री दोन-चार ठिकाणी थेय्यम असल्यानं निवडीला वाव राहतो. एप्रिल-मेमध्ये उकाडा कठीण होतो.

तारखा मिळतात कुठे? केरळ पर्यटन खात्याच्या संकेतस्थळावर थेय्यमची दिनदर्शिका असते. तारीख, गाव, देवस्थानाचं नाव, तिथली थेय्यमं, अशी. सुरुवात तिथून करा, पण तिच्यावर सगळा भार टाकू नका, कारण छोट्या तरवाडांची थेय्यमं त्यात नसतात आणि बरेचदा तीच सगळ्यात सुंदर असतात. ती कळतात तिथं गेल्यावर: मल्याळी वर्तमानपत्रांच्या कन्नूर आवृत्तीत, बसस्टँडवर लावलेल्या पत्रकांत, रिक्षावाल्यांकडून आणि सगळ्यात खात्रीनं तुमच्या मुक्कामाच्या घरमालकाकडून.

हातात किमान तीन-चार रात्री ठेवा. एका रात्रीच्या भरवशावर एवढा प्रवास करू नये.

मुक्काम कुठे करायचा

मुंबईहून कोकण रेल्वेनं सरळ जाता येतं. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटणारी नेत्रावती एक्सप्रेस कन्नूरला थांबते. रत्नागिरी, गोव्याकडच्या लोकांनाही हाच मार्ग सोयीचा. पावसाळ्यात गाड्यांच्या वेळा बदलतात, पण तुम्ही मोसमात जाणार असल्यानं तो प्रश्न बहुधा येणार नाही. कन्नूरला २०१८ पासून विमानतळही आहे, शहरापासून पूर्वेला, मट्टन्नूरजवळ.

मुक्कामासाठी तीन गावं विचारात घ्या. कन्नूर शहर, पय्यन्नूर आणि नीलेश्वरम. कन्नूरला हॉटेलं, समुद्र, जेवणाची चंगळ. पण थेय्यमचा खरा दाट पट्टा कन्नूरच्या उत्तरेला, पय्यन्नूर ते कान्हनगडच्या आसपास आहे. फक्त थेय्यमसाठीच जाणार असाल तर मी पय्यन्नूर किंवा नीलेश्वरम म्हणेन. कुटुंब बरोबर असेल आणि दिवसा त्यांना काहीतरी बघायला हवं असेल, तर कन्नूर बरं.

हॉटेलपेक्षा घरगुती मुक्काम घ्या. खर्चापेक्षा माहितीसाठी. ज्या घरात राहाल त्यांच्या नातेवाइकांचं, शेजाऱ्यांचं एखादं कावू असतंच. ‘आज रात्री आमच्या मामाच्या तरवाडात आहे, चला’ असं बोलावणं आलं की तुमचं काम झालं. आरक्षण करतानाच विचारून घ्या: थेय्यमला नेण्या-आणण्याची सोय करता का? पहाटे तीनला उठून निघालो तर चालेल ना? अशी चौकशी करणाऱ्या पाहुण्यांची तिकडच्या लोकांना सवय आहे.

जागेची खातरजमा

ही पायरी गाळू नका. एकाच देवीची स्थानं गावोगाव असतात. नुसतं ‘मुच्चिलोट्टु कावू’ म्हणून नकाशात शोधलंत तर भलत्याच तालुक्यात पोचाल. गावाचं नाव, जवळचा बसथांबा आणि शक्य असेल तर तालुका, एवढं लिहून घ्या. मल्याळी लिपीत लिहून घेतलंत तर उत्तम. रिक्षावाल्याला कागद दाखवला की प्रश्न मिटतो.

ज्या दिवशी जायचं त्या दिवशी दुपारी कोणाकडून तरी फोन करवा. तरवाडात कोणी वारलं तर सुतक पाळतात आणि उत्सव पुढे जातो. दिनदर्शिकेत हे कळत नाही. फोनवर दोन गोष्टी विचारा: आज नक्की आहे ना, आणि कोणतं थेय्यम साधारण कधी निघेल. वेळेचं उत्तर तासाभराच्या फरकानं घ्यायचं. ‘पहाटे चार’ म्हणजे साडेतीनही असू शकतं आणि साडेपाचही.

परतीची सोय जाण्याआधी ठरवा. पहाटे खेड्यात रिक्षा मिळत नाही. येणं-जाणं आणि थांबणं मिळून रिक्षावाल्याशी आधीच बोला. बहुतेक जण आनंदानं थांबतात, कारण त्यांनाही बघायचं असतंच.

रात्र कशी पुढे सरकते

‘चांगला भाग कधी असतो?’ हा प्रश्न मनातून काढून टाका. संध्याकाळीच जा आणि थांबा.

संध्याकाळी तोट्टम होतं. कलाकार साध्या वेषात, थोडंसं लाल वस्त्र, कपाळाला गंध, चेंड्याच्या (तिकडच्या ढोलाच्या) तालावर त्या देवतेची कथा गातो. ती कुठे जन्मली, कशी आली, या गावात कशी बसली. पुरुष देवतांच्या बाबतीत बरेचदा वेळ्ळाट्टम असतं, छोटा मुकुट घालून केलेलं आदल्या संध्याकाळचं नृत्य. नवखी माणसं यालाच थेय्यम समजून फोटो काढून निघून जातात. खरं तर अजून सुरुवातही झालेली नसते.

नंतर मध्ये मोठी पोकळी येते. दोन तास, तीन तास. पोरं अंगणातच झोपतात, बायका घोळक्यानं गप्पा मारतात, बाजूला चहाची टपरी आणि फुगेवाला. बऱ्याच ठिकाणी जेवण असतं, भात, सांबार, एखादी भाजी. पानावर बसायला कोणी बोलावलं तर संकोच करू नका. नाही म्हणणं त्यांना आवडत नाही.

याच वेळात मागच्या झापांच्या मांडवाकडे जा. तोंडावर लिहिणं, म्हणजे चेहरा रंगवणं, तिथं चालू असतं, आणि त्यासाठी मी तर नाच थोडा चुकला तरी चालवून घेईन. कलाकार चटईवर उताणा पडलेला असतो, डोळे मिटून. दुसरा एक जण त्याच्या डोक्याशी मांडी घालून बसतो, म्हणजे चेहरा त्याला उलटा दिसत असतो. हातात ब्रश नसतो, नारळाच्या पानाची बारीक काडी असते. तिचं टोक चावून कुंचल्यासारखं केलेलं. नारळाच्या करवंट्यांत रंग: तांदळाच्या पिठाचा पांढरा, काजळीचा काळा, हळद-चुन्याचा लाल. डोळ्यांभोवती काळं भरून झालं की गालावर अशा बारीक रेषा येतात, की बघणाऱ्यानंही श्वास धरावा. प्रत्येक देवतेचं लिखाण वेगळं. मुच्चिलोट्टु भगवतीच्या तोंडावरच्या नक्षीला ‘कुट्टिशंखुम् प्राक्कुम्’ म्हणतात आणि ती दुसऱ्या कोणाला चालत नाही. जाणती माणसं चेहरा बघूनच देवता ओळखतात. चांगला दीड-दोन तास हे चालतं. बाजूला कोणी नारळाची कोवळी पिवळट झावळी सोलून तिचा घागरा विणत असतो, कोणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे दागिने पुसत असतो. मांडवाच्या तोंडाशी उभं राहून शांत बघितलं तर सहसा कोणी काही म्हणत नाही. आत मात्र बोलावल्याशिवाय शिरू नका.

मग चेंडे एकदम चढतात. झोपलेली पोरं उठून बसतात. कलाकाराला देवळापुढच्या चौरंगावर बसवून मुकुट बांधतात, आरसा देतात. इथे फोन खिशात ठेवा आणि फक्त त्याच्याकडे बघा. खांदे हलायला लागतात, घुंगरांचा आवाज येतो, आणि तो उठतो तेव्हाची चाल माणसाची राहिलेली नसते.

नाच सुरुवातीला संथ असतो. पायांचे ठराविक पदन्यास, देवळाला फेऱ्या, प्रत्येक फेरीला चेंड्याचा ताल बदलतो. या तालांना आणि पदन्यासांना कलाशम म्हणतात. पाय बघा, कारण वरचा सगळा डोलारा त्यांच्यावर तोललेला असतो. पुतिय भगवतीच्या कमरेला पेटत्या मशाली बांधलेल्या असतात. ती गिरकी घेते तेव्हा ज्वाळांचं रिंगण होतं आणि तेलाचा वास अंगणभर पसरतो. मदतनीस सतत बाजूनं पळत असतात, तेल घालतात, भडका उडाला तर झावळ्यांनी झटकतात. त्यांच्या वाटेत येऊ नका.

नाच संपला म्हणून निघू नका. यानंतर थेय्यम बसतं किंवा उभं राहतं आणि लोक आशीर्वादाला जातात. परक्या माणसालाही जाता येतं. चपला काढलेल्या असाव्यात, हात जोडायचे, तो हातावर हळदीची पूड ठेवेल आणि काहीतरी बोलेल. भाषा कळली नाही तरी चालतं. डोळ्यांत बघून बोलतो, एवढं पुरे होतं. थोडी दक्षिणा द्यायची असते. दहा, वीस, पन्नासाच्या सुट्या नोटा खिशात तयार ठेवा. पाचशेची नोट पुढे करून सुट्टे मागत बसू नये.

कसं वागायचं

कपडे अंगभर, सुती. पुरुषांनी मुंडू (तिकडची लुंगी) नेसलं तर लोकांना आवडतं, पण सक्ती नसते. काही देवळांच्या आतल्या भागात पुरुषांना सदरा काढावा लागतो. इतरांकडे बघून कळतं. अंगणात चपला नकोत. रात्री दव पडतं, म्हणून टोपी किंवा पंचा घ्या. पाणी, विजेरी आणि बसायला एखादी चटई. दारू पिऊन जाऊ नका. काही देवतांना ताडीचा नैवेद्य असतो, तो त्यांचा, आपला नाही.

फोटोबद्दल स्पष्ट सांगतो. फ्लॅश नाही. आधी विचारायचं: ‘फोटो एडुक्कामो?’ बहुतेक ठिकाणी हो म्हणतात, काही कावूंत सक्त मनाई असते. थेय्यम आणि देऊळ यांच्या मधल्या रेषेत कधीही उभं राहायचं नाही, मग समोर कितीही सुंदर चौकट दिसू दे. ड्रोन आणि तिपाई घरी ठेवा. गावच्या आजीबाई तिथं वर्षभराचा नवस फेडायला आलेल्या असतात. त्यांच्या तोंडासमोर आपला कॅमेरा येणं मला तरी असह्य वाटतं.

थोडं मल्याळम तोंडात असू द्या. पुरुषाला ‘एट्टा’, बाईला ‘चेच्ची’. ‘तेय्यम एविडे?’ म्हणजे कुठे आहे. ‘एप्पोळ?’ म्हणजे कधी. तिकडे हिंदी फारशी चालत नाही, इंग्रजी चालते, आणि आखातात काम करून परतलेला एखादा काका हिंदी बोलणारा भेटतोच. तो भेटला की मग तुम्हाला वेगळा वाटाड्या लागत नाही. कथा, मानापमान, कोणतं घराणं कुठलं, सगळं तो सांगतो.

पैसे घेऊन ‘खास तुमच्यासाठी’ थेय्यम करून दाखवतो असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा. रिसॉर्टच्या हिरवळीवर, मिरवणुकीच्या ट्रकवर थेय्यमचा वेष करून उभं राहण्याबद्दल खुद्द कलाकारांमध्येच दुमत आहे. पोटाचा प्रश्न आहे, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण तुम्ही पाहुणे म्हणून त्याची मागणी करू नये, असं मला मनापासून वाटतं. वाहनाची आणि माहितीची सोय करणाऱ्या जाणत्या वाटाड्याला पैसे देणं ही वेगळी गोष्ट. तसा मिळाला तर जरूर घ्या.

पहिल्यांदा कोणतं बघावं

ज्यांना नृत्य म्हणून काही बघायचं आहे त्यांनी कतिवनूर वीरन शोधावं. मंदप्पन नावाचा तरुण घर सोडून कुडगूच्या, म्हणजे कूर्गच्या, डोंगरात गेला, तिथं संसार केला, लढाईत मारला गेला आणि देव झाला, अशी कथा. त्याच्या बायकोचं, चेम्मरतीचं स्थान म्हणून केळीच्या सोपांची रंगीत वेदी मांडतात, तिच्यावर मशाली लावतात. वीरन तिच्याभोवती ढाल-तलवार घेऊन कळरीचे, म्हणजे केरळी युद्धकलेचे, डाव खेळतो, उड्या घेतो. अंगमेहनत आणि लय यांचा इतका मेळ मी फार थोड्या नृत्यांत पाहिला आहे. मध्यरात्र उलटल्यावर चालू होतं, पहाटेपर्यंत चालतं.

डोळे भरून सौंदर्य बघायचं तर मुच्चिलोट्टु भगवती. शांत, जवळजवळ स्थिर, सगळं काही चेहऱ्यात आणि चालीत. ती दिवसा असते, त्यामुळे रात्र जागवणं झेपत नसेल त्यांना बरी.

तीच्चामुंडी म्हणजे विष्णुमूर्तीचं निखाऱ्यांच्या ढिगावर अंग टाकणारं थेय्यम. त्याची कीर्ती सगळीकडे पोचलेली आहे आणि बरेच जण तेच धरून येतात. ढीग माणसाच्या उंचीचा असतो, कमरेला बांधलेल्या दोरांनी मदतनीस त्याला मागे ओढतात, तो परत जातो, पुन्हा पुन्हा. पहिल्याच रात्री हे बघू नका, असं सांगेन. धगीनं आणि भीतीनं बाकीचं काही दिसत नाही. एखादं शांत थेय्यम आधी बघून घ्या.

एक सूचना: काही ठिकाणी कोंबड्याचा बळी असतो. लहान मुलं बरोबर असतील किंवा स्वतःला सोसत नसेल, तर आधी विचारून घ्या.

मुलं, आजी-आजोबा आणि अपुरा वेळ

कन्नूरपासून साधारण वीस किलोमीटरवर, वळपट्टणम नदीच्या काठी परश्शिनिकडवूचं मुत्तप्पन देऊळ आहे. इथं थेय्यम वर्षभर, अगदी पावसाळ्यातही, काही मोजके दिवस सोडले तर रोज असतं. पहाटे आणि संध्याकाळी. बसायला जागा आहे, रस्ता चांगला आहे, येणाऱ्या प्रत्येकाला चहा आणि उकडलेल्या कडधान्याचा प्रसाद मिळतो. मुत्तप्पनला कुत्रे प्रिय म्हणून देवळात कुत्रे खुशाल फिरतात. दाराशी पितळेचे कुत्रेही आहेत. कोणी म्हणेल, रोज होतं म्हणजे ते कमी अस्सल. मला तसं वाटत नाही. समोर बसलेली माणसं त्याच्याशी बोलायलाच आलेली असतात, बघ्यांची संख्या कमी असते. फक्त त्याला कावूतल्या रात्रीचा पर्याय समजू नका. पहिल्या संध्याकाळी इथे जा, नजर तयार होईल.

मोसम हुकला किंवा दक्षिणेलाच जायचं असेल तर

कथकलीही देवळाच्या अंगणात रात्रभर होते, आणि तिलाही तिकीट नसतं. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास तृप्पुणित्तुरच्या पूर्णत्रयीश देवळाचा वृश्चिकोत्सव असतो. कोचीच्या अगदी शेजारी. तिथे हत्ती बघून आणि पंचारीमेळम, म्हणजे चेंड्यांचं सामूहिक वादन, ऐकून झाल्यावर रात्री कथकली बघता येते. कोट्टयमच्या तिरुनक्करा देवळाच्या उत्सवातही कथकली असते. जाण्याआधी त्या रात्रीची कथा कोणती हे विचारून महाभारतातला किंवा रामायण-पुराणांतला तो प्रसंग वाचून जा. नळ-दमयंती असो की कीचकवध, कथा ठाऊक असली की हातांचं बोलणं कळायला लागतं.

दिवसाउजेडी कथकली समजून घ्यायची तर चेरुतुरुत्तीचं केरळ कलामंडलम. कवी वळ्ळत्तोळ यांनी १९३० मध्ये काढलेली ही संस्था. सकाळी विद्यार्थ्यांचे वर्ग पाहुण्यांना बघता येतात, त्यासाठी आधी चौकशी करून ठरवावं लागतं. घामानं भिजलेली शाळकरी पोरं डोळ्यांचे व्यायाम करताना बघितली, की पुढच्या प्रत्येक कथकलीत तुम्ही डोळ्यांकडेच बघाल. कूडियाट्टम हे त्याहून जुनं संस्कृत नाट्य, २००१ साली युनेस्कोनं गौरवलेलं. इरिंजालकुडाच्या कूडलमाणिक्यम देवळात त्याची परंपरा आहे. ते संथ आहे, एका श्लोकाला तास लागू शकतो. पहिल्याच सहलीत त्याच्या वाटेला जाऊ नका, पण नाव लक्षात ठेवा.

कोकण रेल्वेनंच परतणार असाल आणि महिना कार्तिक-मार्गशीर्ष असेल, तर कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरा. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास सिंधुदुर्गात आणि गोव्यातल्या पेडण्यात जत्रा सुरू झालेल्या असतात आणि देवळापुढे दशावतार रात्रभर चालतो: आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, संकासुर, मग आख्यान, पहाटे दहीकाला. इथं तिथी पाहावी लागते, मल्याळी तारीख नाही. आज कुठल्या गावात कोणती मंडळी आहे, मोचेमाडकर, वालावलकर की पार्सेकर, हे स्टेशनबाहेरचा रिक्षावाला सांगेल. बाकी सगळं तेच: संध्याकाळी पोचा, परतीची रिक्षा ठरवून ठेवा, रंगपटाच्या दाराशी गप्प उभे राहा आणि पहाटेच्या आत उठू नका.